दूध पावडर उत्तम, बाटली भंगार: मांजराचं तान्हं पिल्लू घरी वाढवताना

पावडर चांगली आहे, पैसे वसूल. तिच्यासोबत खोक्यात आलेली बाटली मात्र पिल्लाच्या तोंडापर्यंत नेऊच नका. थोडक्यात निकाल एवढाच. पण ज्याच्या घरात आत्ता तळहातावर मावेल एवढं पिल्लू डोळे मिटून किंचाळत असेल त्याचं एवढ्याने भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

डब्याचं नाव मुद्दाम देत नाही. असल्या वेळी निवड करायला वेळ कुणाला असतो? सांगली-मिरजेतल्या दुकानात जो शिल्लक असेल तोच डबा तुम्ही घेणार. आणि बाटलीचा हाच संच मी पुढे वेगळ्या नावाच्या पाकिटातही पाहिला. तेव्हा डब्यावर काय वाचायचं आणि बाटलीत काय खोट असते, हे माहीत असलं की झालं.

मी मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब बघते. फेब्रुवारीत नवी हळद यायला लागते, सौदे सुरू असतात, गाड्यांची रीघ असते. अशाच एका गाडीखाली गोदामातली मांजर गेली. हमालांच्या डोळ्यांदेखत गेली, म्हणून आई परत येण्याचा प्रश्नच नव्हता. (तुम्हाला तशी खात्री नसेल तर पिल्लं लगेच उचलू नका. ती उबेत, सुरक्षित असतील तर लांब थांबून काही तास वाट बघा. मांजर भक्ष्य शोधायला गेलेली असते किंवा एकेक पिल्लू दुसरीकडे हलवत असते.) राजापुरी हळदीच्या पोत्यांच्या थप्पीमागे तीन पिल्लं सापडली. दोन मरून गार पडली होती. तिसरं ओरडत होतं. "वैनी, ह्येचं आता काय करायचं?" म्हणून हमालाने ते माझ्या खतावणीवरच आणून ठेवलं. पोटाला वाळलेली नाळ तशीच होती, म्हणजे दोन-तीन दिवसांचं असणार. अंगावर हळदीची पूड बसून पिवळंधमक झालेलं. हळकुंड हे नाव तिथल्या तिथे पडलं.

घरी नेल्यावर पहिला वाद दुधावरून. सासूबाई तासगावकडच्या, जन्म गोठ्यात गेलेला. "आगं, गाईचं दूध पाज की कोमट करून. आमच्यात मांजरं काय पावडरीवर वाढली व्हय?" त्यांचं म्हणणं मोठ्या मांजरांपुरतं ठीक असेलही. तान्ह्याला ते चालत नाही. गाईच्या दुधात प्रथिनं साडेतीन टक्क्यांच्या आसपास, मांजरीच्या दुधात त्याच्या जवळजवळ दुप्पट. स्निग्धांशही मांजरीच्या दुधात जास्त. उलट दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, गाईच्या दुधात जास्त. म्हणजे जे हवं ते कमी आणि जे जास्त झालं की पचत नाही ते भरपूर. पिल्लाला जुलाब लागतात, आणि शंभर ग्रॅमच्या जिवात जुलाब सोसायला पाणी असतं कुठे? म्हशीच्या दुधात स्निग्धांश भरपूर, पण प्रथिनं तरीही कमीच. शेळीचं दूध पचायला हलकं म्हणतात, प्रथिनांच्या बाबतीत तेही गाईच्याच पंगतीला. सासूबाईंना आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी हे फोनवर समजावलं, तेव्हा त्या गप्प बसल्या. डब्याची किंमत कळल्यावर मात्र परत बोलल्या.

आता डबा. पुढच्या बाजूला कुणाचं चित्र आहे ते आधी बघा. गंमत करत नाही मी. दुकानातल्या पोराने मला पहिल्यांदा कुत्र्याच्या पिल्लांची पावडर काढून दिली. "एकच असतंय ओ ताई, पिल्लू ते पिल्लूच." एकच नसतं. मांजराला टॉरिन नावाचं अन्नद्रव्य बाहेरून मिळावंच लागतं, त्याच्या कमतरतेने पुढे डोळे आणि हृदय बिघडतं. मांजराच्या पावडरीत ते घातलेलं असतं आणि मागच्या यादीत तसं छापलेलं असतं. ते नाव दिसेपर्यंत पैसे देऊ नका. मग मुदतीची तारीख. माझ्या डब्यावर दुकानाच्या किमतीचा स्टिकर नेमका तारखेवर चिकटवला होता. तो नखाने सोलून काढला. तारीख व्यवस्थित होती, मग झाकायची कशाला हे मला अजून कळलेलं नाही.

पावडरीचा रंग फिकट पिवळसर, वास दुधाच्या खव्यासारखा. थेट पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात आणि त्या हलवून मोडत नाहीत. आधी चमचाभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात तिची पेस्ट करायची, मग उरलेलं पाणी घालायचं. कडकडीत पाणी नको. प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच ठेवा, अंदाजाने दाट-पातळ करू नका. दाट झालं की पोट बिघडतं, पातळ झालं की वजन वाढत नाही. तयार दूध मी झाकून फ्रीजमध्ये ठेवत होते आणि दिवस संपला की उरलेलं ओतून देत होते. पाजताना लागेल तेवढंच वाटीत घेऊन ती वाटी गरम पाण्यात ठेवायची. मनगटावर थेंब टाकला तर ना गार ना गरम लागला पाहिजे.

डब्यावरचा तक्ता मला पटला नाही. तो वयावर आहे: पहिल्या आठवड्यात इतकं, दुसऱ्यात तितकं. आईविना राहिलेलं पिल्लू वयाच्या मानाने हडकुळं असतं, त्याला तक्त्याप्रमाणे पाजलं तर जास्त होतं. डॉक्टरांनी वजनाचा हिशेब दिला. एका वेळेला १०० ग्रॅम वजनामागे साधारण ४ मिली, त्याहून जास्त पोटात मावत नाही. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. दुसऱ्या आठवड्यात तीन-चार तासांनी. पोट गोल दिसावं, टम्म नाही. जास्त पाजल्यानेही जुलाब होतात, आणि मग लोक दुधालाच नावं ठेवतात.

आणि आता ती बाटली. संचात एक बाटली, दोन निपल आणि एक बारीक ब्रश येतो. पहिल्या निपलला कारखान्यातूनच अधिकच्या चिन्हासारखी चीर दिलेली होती. पिल्लाला लावण्याआधी ओट्यावर पाण्याने भरून उलटी धरली. थेंब पडायला हवा होता, धार लागली. धार म्हणजे दूध सरळ फुप्फुसात. तान्ही पिल्लं न्यूमोनियाने जातात त्यातली कितीतरी अशीच जातात, नाकातून दूध आलं की समजायचं काय झालं ते. दुसऱ्या निपलला भोकच नव्हतं. सोबतच्या कागदावर लिहिलंय, गरम सुईने भोक पाडा. पाडलं. थेंब बरोबर पडायला लागला, पण रबर इतकं जाड आणि टोक इतकं मोठं की हळकुंडाच्या तोंडात ते मावेचना. ते नुसतंच चावत बसलं आणि दमून झोपलं. बाटलीवरच्या खुणा १० मिलीपासून सुरू. ज्याला एका वेळी ४ मिली लागतात त्याला त्या खुणांचा काय उपयोग? आणि पहिल्या उकळीत त्याही पुसल्या गेल्या. निपलच्या कड्यातून दूध झिरपतं ते वेगळंच. बाटलीची गळती दाखवायला दुकानात परत गेले, तर "रबरी वस्तू परत घेत नाही." बिल मागितलं होतं, तेही दिलं नव्हतं.

त्यापेक्षा मेडिकलमध्ये जा आणि दोन मिलीच्या सिरिंज घ्या, सुया तिथेच परत करा. काही रुपयांत मिळतात. एकेक मिलीच्या खुणा स्पष्ट असतात. एक गोष्ट मात्र त्या सिरिंजने शिकवली. दुधाच्या स्निग्धांशाने आतला रबरी दट्ट्या दोन-तीनदा धुतल्यावर चिकट होतो. अंगठ्याने दाबता दाबता तो अडतो, तुम्ही जरा जोर लावता, आणि एकदम अर्धा मिली पिचकारीसारखा सुटतो. हेच ते धार लागण्याचं संकट. म्हणून प्रत्येक वेळी आधी वाटीत एकदा पूर्ण ओढून-दाबून बघायचं. गुळगुळीत चालली तरच पिल्लाच्या तोंडात, नाहीतर नवी काढायची. ते पैसे वाचवू नका.

पाजायची पद्धत सगळ्यात महत्त्वाची. आपल्याकडे पिल्लाला बाळासारखं उताणं धरून पाजतात, व्हिडिओत गोड दिसतं. तसं अजिबात नको. ते पोटावर पालथं, पुढचे पाय गुंडाळलेल्या टॉवेलवर, मान जराशी वर, म्हणजे आईच्या कुशीत जसं लुचतं तसंच. सिरिंजचं टोक तोंडाच्या कोपऱ्यातून आत. एक थेंब. जिभेची पन्हळ होते, कान मागेपुढे हलायला लागतात, घशाशी बारीक हालचाल दिसते, मग दुसरा थेंब. हळकुंड पुढच्या पायांनी टॉवेल तुडवत प्यायचं, आणि पोट भरलं की जीभ बाहेर तशीच ठेवून थांबायचं. सासूबाईंनी कापसाची वात करून चोखवायचा जुना उपाय सुचवला होता. डॉक्टरांनी नको म्हटलं, तंतू पोटात जातात.

डॉक्टर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेले. दिवसभर गाई-म्हशींच्या मागे असतात, तरी रात्री फोन उचलला. त्यांचा पहिला प्रश्न दुधाचा नव्हताच. "ताई, अंग गार आहे का?" गार पिल्लाला दूध पाजायचं नाही. अंग गार असलं की आतडं काम करत नाही, दूध तसंच पोटात राहतं आणि नासतं. पहिल्या आठवड्यात पिल्लाला कुडकुडताही येत नाही, स्वतःची ऊब धरता येत नाही. म्हणून आधी ऊब, तीही हळूहळू, छातीशी धरून. ती रात्र दुकानं बंद असल्यामुळे त्यांच्या सांगण्यावरून कोमट ग्लुकोजच्या पाण्याच्या थेंबांवर काढली, तेही ते गिळतंय याची खात्री करून. सकाळी डबा.

उबेच्या बाबतीत बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही महागड्या गादीपेक्षा आमचं घरचं साहित्य सरस निघालं. द्राक्षाची पेटी! हंगाम होता, यार्डात पुठ्ठ्याच्या पेट्या पडलेल्याच असतात. भोकं आधीच पाडलेली, उंची बेताची, उचलायला हलकी. तिच्या अर्ध्या भागात रबरी पिशवीत गरम पाणी, पिशवीला सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा दुपदरी वेढा. अर्धा भाग मुद्दाम रिकामा. जास्त गरम झालं तर पिल्लाला सरकायला जागा हवी. पहिल्या आठवड्यात त्याच्या आसपास ३० अंशांच्या जवळ तापमान लागतं. फेब्रुवारीत दुपारी आमच्या पत्र्याच्या खोलीत ते फुकट मिळतं, तेव्हा पिशवी काढून टाकायची. पहाटे मात्र कृष्णेकडून गारठा येतो. पिशवी दर दोन-तीन तासांनी बदलायची, म्हणजे पाजण्याच्या वेळेलाच. गार झालेली पिशवी आत राहिली तर ती उलट पिल्लाचीच ऊब ओढून घेते. विजेची शेकायची पिशवी कुणी सुचवली तर ऐकू नका. एकतर चटका बसतो, आणि लाईट गेली की संपलं.

वजनासाठी दुकानातला नमुने जोखायचा छोटा काटा घरी आणला. मालकांनी एका शब्दाने विचारलं नाही, फक्त "पट्टी कुणाच्या नावाने करू?" म्हणाले (पट्टी म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद). पहिलं वजन ९४ ग्रॅम. रोज सकाळी पाजण्याआधी वजन, आणि जुन्या डायरीत रोजकीर्दीसारखी नोंद: तारीख, ग्रॅम, किती पाजलं, शी कशी. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढ हवी, दोन आठवड्यांत जन्माच्या वजनाची दुप्पट व्हायला हवी. एखाद्या दिवशी आकडा हलला नाही तर लक्ष ठेवायचं, घसरला तर त्याच दिवशी डॉक्टर. मी बाकी कशावर नाही तरी या डायरीवर डोळे झाकून विश्वास ठेवला. पावडर चांगली असं जे मी म्हणते ते याच आकड्यांवरून. एकदा अंगी लागल्यावर वाढ कधी अडली नाही, आणि शी पिवळसर, घट्टसर राहिली.

कुठल्याच डब्यावर ठळक लिहिलेलं नसतं असं एक काम आहे. तान्ह्या पिल्लाला आपणहून शी-शू करता येत नाही. आई चाटते तेव्हा होते. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापूस शेपटीखाली हळुवार फिरवायचा, दर वेळी पाजताना. साधारण तीन आठवड्यांपर्यंत. घरात हे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं आणि त्यात मला त्यांच्या पासंगालाही पोचता आलं नाही. वासराला चीक पाजून वाढवलेली बाई! "ह्येला आईचा चीक मिळाला असंल का गं?" हा प्रश्नही त्यांचाच. दोन-तीन दिवसांचं होतं, म्हणजे मिळाला असावा. तो पहिल्या दिवसातच अंगी लागतो, नंतर देऊन उपयोग नाही, आणि गाईच्या चिकाने मांजराच्या रोगांपासून संरक्षण मिळत नाही. चीक चुकलेल्या पिल्लाच्या बाबतीत हात धुणं, सिरिंज उकळणं यात कणभर हयगय चालत नाही.

पिसवा होत्या. हमालाने म्हशीच्या गोचिडांचं औषध आणून दिलं, जीव लावूनच. ते परत केलं. त्यातल्या काही औषधांनी, परमेथ्रिनने तर हमखास, मांजराला विषबाधा होते. बारीक दातांची उवांची फणी आणि शेजारी पाण्याची वाटी, बस. लादी पुसायचं फिनेलही त्या खोलीत बंद केलं, तेही मांजराला सोसत नाही.

दुसऱ्या आठवड्यात डोळे उघडायला लागले, आधी एक, मग दुसरा. ते आपण उघडायचे नसतात. जंताचं औषध डॉक्टरांनी वजन बघून दिलं. चौथ्या आठवड्यात पावडरीच्या दुधात मांजराच्या पिल्लांचं ओलं खाणं कालवून ताटलीत ठेवलं. हळकुंड आधी त्यात पाय देऊन उभं राहिलं, मग पाय चाटले, मग ताटली. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान.

हिशेब सांगायचा तर एका पिल्लाला महिनाभरात तीनशे ग्रॅमच्या आसपास पावडर लागली. एकटं पिल्लू असेल तर मोठा डबा घेऊ नका. उघडल्यावर तो फ्रीजमध्ये ठेवावा लागतो आणि ठरावीक मुदतीत संपवावा लागतो. झाकणावर उघडल्याची तारीख लिहा. ऑनलाइन थोडा स्वस्त पडतो, पण यायला दिवस लागतात आणि पिल्लाकडे तेवढे दिवस नसतात. सासूबाईंच्या मते तेवढ्या पैशात म्हशीची महिन्याची पेंड आली असती. पावडरीला पाचपैकी साडेचार, अर्धा गुण त्या वयाच्या तक्त्याचा कापला. बाटलीला शून्य. ब्रश ठीक आहे, चहाची गाळणी घासायला वापरते.

हे लिहायला बसण्याआधी वाळवा तालुक्यातून मावसभावाचा फोन आला. "ऊस तोडताना मांजराची दोन पिल्लं घावल्यात, तू कुठला डबा आणलेलास?" मी आधी विचारलं, दिसतात कशी. अंगावर तांबूस ठिपके, कान गोल. म्हटलं, दादा, डबा आणू नकोस. ती वाघाटीची, म्हणजे ठिपक्यांच्या छोट्या जंगली मांजराची असू शकतात, रानमांजराची असू शकतात, थोडी मोठी असती तर बिबट्याचीही निघाली असती. त्यांची आई बहुधा शेजारच्या फडातच असते आणि रात्री न्यायला येते. हात लावायचा नाही, तेवढी सरी तोडायची थांबवायची, माणसं लांब न्यायची आणि वनविभागाचा १९२६ लावायचा. पाळणं तर बेकायदा आहेच. त्याने फोन ठेवून लगेच तो नंबर लावला.